काविळीचा माग काढणारा खेड्यातला डॉक्टर

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरमध्ये वेन्स्लीडेल नावाची दरी आहे. मेंढपाळ आणि दूधदुभत्याचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्यांची ही वस्ती. तेथील एका गावात मेळा भरला होता. त्या दिवशी सकाळी गावच्या डॉक्टरांनी एका मुलीला घरी जाऊन तपासले. ती अंथरुणावर पडून होती. आज ती उठेल असे डॉक्टरांना स्वप्नातही वाटले नाही. दुपारी मात्र ती मेळ्यात हजर होती. पुढे १९२९मध्ये दरीत काविळीची साथ पसरली. सुमारे ५,७०० वस्तीत २५० जणांना कावीळ झाली. या साऱ्या साथीचा माग डॉक्टरांनी त्या एका मुलीपर्यंत नेऊन पोहोचवला. त्यांचे नाव डॉ. विल्यम पिकल्स.

पिकल्स यांचा जन्म १८८५मध्ये लीड्स शहरात झाला. वडील डॉक्टर होते. लीड्समध्येच वैद्यकीय शिक्षण घेऊन १९१२मध्ये ते दरीतल्या एझगार्थ गावी आले आणि एका सहकाऱ्यासोबत तेथील दवाखाना चालवू लागले. पहिल्या महायुद्धात नौदलात सेवा केली, तेवढा काळ सोडला तर १९६४मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो दवाखाना सोडला नाही.

दोन गोष्टींनी त्यांच्या कामाला दिशा दिली. पहिली, विषमज्वराची साथ. एका संध्याकाळी एक जिप्सी स्त्री घोडागाडी घेऊन गावात आली. गाडीत तिचा आजारी नवरा होता. तिने गावच्या नादुरुस्त पंपावर मळके कपडे धुतले आणि गावात विषमज्वर पसरला. आजार कोठून आला, हे खेड्यातल्या डॉक्टरला किती स्पष्ट दिसू शकते, हे पिकल्स यांना तेव्हा उमगले. दुसरी गोष्ट, १९२६मध्ये वाचलेले सर जेम्स मॅकेंझी यांचे हृदयविकारावरील पुस्तक. मॅकेंझी यांनी बर्नली येथे साधा दवाखाना चालवत असतानाच नाडीच्या अनियमिततेवर मूलभूत संशोधन केले होते. संशोधनासाठी मोठे रुग्णालय किंवा प्रयोगशाळा हवीच असे नाही, हा धडा पिकल्स यांनी त्यातून घेतला.

त्यांची पद्धत साधी होती. संसर्गजन्य आजाराचा रुग्ण दिसला की नाव, गाव आणि आजार सुरू झाल्याची तारीख लिहून ठेवायची. घरी त्यांच्या पत्नी या नोंदी तक्त्यावर उतरवत. मग एकच प्रश्न उरे: हा रुग्ण आधीच्या रुग्णाला कधी आणि कोठे भेटला होता?

शहरात या प्रश्नाचे उत्तर मिळणे कठीण. तेथे माणूस दिवसाला शेकडो लोकांच्या संपर्कात येतो. दरीतली माणसे मात्र मोजक्याच लोकांना भेटत आणि डॉक्टर सगळ्यांना ओळखत. कोणाचे कोणाकडे जाणे-येणे आहे, कोणाचे लग्न कोणाशी ठरते आहे, हेही त्यांना ठाऊक असे. दोन रुग्णांची एकच भेट झाली असेल, तर त्या दिवसापासून लक्षणे दिसेपर्यंतचे दिवस मोजता येत. यालाच अधिशयन काळ म्हणतात.

त्या काळी अशा काविळीला सर्दीसारख्या दाहाचा प्रकार मानले जाई. पित्तनलिकेत चिकट स्राव अडकून ती होते, असा समज होता. पिकल्स यांच्या नोंदींतून दिसले की ती एकाकडून दुसऱ्याला लागते आणि तिचा अधिशयन काळ साधारण २६ ते ३५ दिवसांचा असतो. १९३०मध्ये त्यांनी हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. आज या आजाराला आपण ‘हिपॅटायटिस ए’ म्हणतो. त्याचा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तो १९७३मध्ये. तोपर्यंत पिकल्स हयात नव्हते, पण त्यांनी मोजलेले दिवस आजच्या ज्ञानाशी जुळतात.

छातीत अचानक तीव्र कळा आणणाऱ्या ‘बॉर्नहोम’ आजाराच्या साथीचेही त्यांनी १९३३मध्ये वर्णन केले. १९३९मध्ये त्यांचे खेड्यातील साथरोगांवरचे पुस्तक आले. ते जगभरातील डॉक्टरांनी वाचले. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांची स्वतंत्र संस्था उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद १९५३मध्ये त्यांच्याकडे आले. १९६९मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या मुलीच्या गोष्टीतला धडा आजही लागू आहे. ‘हिपॅटायटिस ए’चा रुग्ण सर्वाधिक संसर्ग पसरवतो तो डोळे पिवळे होण्याआधीच्या दिवसांत. तेव्हा फक्त ताप, मळमळ आणि अन्नावरची वासना उडणे एवढीच लक्षणे असतात. अशा वेळी घरी विश्रांती घ्यावी, इतरांसाठी स्वयंपाक करू नये, शौचानंतर साबणाने हात धुवावेत, पाणी उकळून प्यावे. आणि गेल्या महिनाभरात कोठे गेला होतात, बाहेर काय खाल्ले-प्यायलात, असे डॉक्टरांनी विचारले तर आठवून नीट सांगावे. त्या उत्तरावरून साथीचे मूळ सापडू शकते.