तहाला अट घालणारा सिनेटर

अण्वस्त्रकपातीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर दोन राष्ट्रप्रमुख येतात. लांबलचक टेबल, सह्या, हस्तांदोलन, फोटो. पण सही झाल्यावर तो कागद संसदेपुढे जातो आणि खरी परीक्षा तिथे होते. अमेरिकेत या परीक्षेचा सगळ्यात कडक परीक्षक कोण, असं १९७० च्या दशकात कुणी विचारलं असतं, तर बहुतेकांनी एकच नाव घेतलं असतं : सिनेटर हेन्री जॅक्सन.

जॅक्सन यांचा जन्म ३१ मे १९१२ रोजी एव्हरेट या गावी झाला. हे गाव वॉशिंग्टन राज्यातलं, म्हणजे राजधानीपासून पार लांब, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर. आईवडील नॉर्वेहून आलेले. लहानपणी ते घरोघरी पेपर टाकत. थोरल्या बहिणीने एका चित्रकथेतल्या पात्रावरून त्यांना ‘स्कूप’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्यांना जन्मभर चिकटलं. कायदा शिकून ते सरकारी वकील झाले. १९४० साली अठ्ठाविसाव्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षातर्फे प्रतिनिधिगृहात निवडून आले. १९५३ मध्ये सिनेटमध्ये गेले, ते अखेरपर्यंत तिथेच राहिले.

१९४५ मध्ये बुखेनवाल्डची छळछावणी मुक्त झाल्यावर काही दिवसांतच त्यांनी ती स्वतः पाहिली. हुकूमशाहीच्या शब्दावर भरवसा ठेवायचा नाही, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं. घरच्या राजकारणात मात्र ते कामगारांच्या बाजूचे होते. पर्यावरणविषयक १९६९ च्या मोठ्या कायद्यामागेही तेच होते. विमानांचे कारखाने त्यांच्या राज्यात असल्यामुळे विरोधक त्यांना बोईंगचा सिनेटर म्हणून चिडवत.

ते सरसकट तहांच्या विरोधात होते असं मात्र नाही. १९६३ मध्ये केनेडींचा अणुचाचणी-बंदीचा तह सिनेटपुढे आला. भूमिगत चाचण्या आणि प्रयोगशाळा जोमात चालू राहतील, ही हमी मिळाल्यावर जॅक्सन यांनी बाजूने मत दिलं. तह ८० विरुद्ध १९ मतांनी मंजूर झाला. हमी घ्या, मग हात वर करा, ही त्यांची पद्धत इथे पहिल्यांदा ठळक दिसली.

खरा सामना झाला १९७२ मध्ये. त्या वर्षी २६ मे रोजी निक्सन आणि ब्रेझनेव्ह यांनी मॉस्कोत दोन कागदांवर सह्या केल्या. एक क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांचा तह, दुसरा पाच वर्षांचा अंतरिम करार. १९६१ च्या एका कायद्यानुसार शस्त्रं कमी करण्याचं बंधन सरकारला तहाने किंवा कायद्यानेच स्वीकारता येत होतं. म्हणून हा अंतरिम करार दोन्ही सभागृहांपुढे ठरावाच्या रूपात आला.

जॅक्सन यांनी आकड्यांवर बोट ठेवलं. जमिनीवरून सुटणारी लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं अमेरिकेला १,०५४, सोव्हिएत संघाला १,६१८. पाणबुड्यांवरची अनुक्रमे ७१० आणि ९५०. करारवाल्यांचं उत्तरही बिनतोड होतं. अमेरिकेकडे बॉम्बर विमानं जास्त होती आणि एकाच क्षेपणास्त्रावर अनेक अण्वस्त्रं बसवण्यात ती पुढे होती, मग नुसती क्षेपणास्त्रं मोजून काय साधणार? तरी जॅक्सन हटले नाहीत. त्यांनी करार पाडला नाही, ठरावाला दुरुस्ती सुचवली : पुढच्या तहात अमेरिकेची पातळी सोव्हिएत संघापेक्षा कमी नसावी. दुरुस्ती ५६ विरुद्ध ३५ मतांनी मंजूर झाली आणि त्याच सप्टेंबरात निक्सन यांच्या सहीने कायद्यात आली.

या एका वाक्याने पुढच्या वाटाघाटींची चौकट ठरली. १९७४ मध्ये व्लादिव्होस्तोकला फोर्ड आणि ब्रेझनेव्ह यांनी दोघांनाही सारखीच मर्यादा मान्य केली : २,४०० क्षेपणास्त्रं आणि बॉम्बर. १९७९ मध्ये व्हिएन्नात कार्टर यांनी सही केलेल्या दुसऱ्या सॉल्ट तहातही आकडे समान होते.

मग जॅक्सन खूश झाले? छे! सोव्हिएत संघाला ३०८ अवजड क्षेपणास्त्रं ठेवता येत होती, अमेरिकेला तशी एकही नाही. तेवढ्यावरून त्यांनी स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध आघाडी उघडली. सिनेटमध्ये लागणारं दोन-तृतीयांश बहुमत आधीच अवघड दिसत होतं. डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, कार्टर यांनीच चर्चा पुढे ढकलायला सांगितलं आणि त्या तहाला मंजुरी कधीच मिळाली नाही.

इथे जॅक्सन यांचं मोठेपण आणि मर्यादा दोन्ही दिसतात. लोकप्रतिनिधीने आकडे तपासावेत, अडचणीचे प्रश्न विचारावेत, हे योग्यच. पण प्रत्येक समानतेत नवी उणीव शोधत राहिलं, तर कपात सुरू कधी व्हायची? १९८२ मध्ये त्यांनी आणि सिनेटर वॉर्नर यांनी समान आणि बऱ्याच खालच्या पातळीवर अण्वस्त्रं गोठवण्याचा ठराव मांडला. म्हणजे कपात त्यांना नको होती असंही म्हणता येत नाही.

१ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत विमानाने पाडलेल्या कोरियन प्रवासी विमानाबद्दल पत्रकारांशी बोलून ते घरी गेले आणि त्याच रात्री एव्हरेटमध्ये वारले. १९९१ च्या स्टार्ट तहात दोन्ही देशांना प्रत्येकी ६,००० अण्वस्त्रांची सारखी मर्यादा आली. ते पाहायला जॅक्सन नव्हते. त्यांच्या नावाची अणुपाणबुडी मात्र १९८४ पासून अमेरिकी नौदलात आहे. पुढच्या एका तहापायी तिच्या चोवीस क्षेपणास्त्रनळ्यांपैकी चार बंद कराव्या लागल्या.