न्यूयॉर्कहून बडोद्याला

परदेशी शिकायला जाण्याचे बेत आता आपल्या अनेक घरांत होत असतात. म्हणून या अंकासाठी आम्ही अशा एका विद्यार्थ्याचे चरित्र निवडले आहे, ज्याच्या पहिल्या परदेशप्रवासाची दोन्ही टोके आपल्या बडोद्याशी जोडलेली आहेत.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांना बसायला घरचे गोणपाट न्यावे लागे आणि शिपाई हजर नसेल तर पाणीही मिळत नसे. तरीही ते शिकत राहिले व मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. १९१३ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता.

त्याच वर्षी जुलैत, बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वसतिगृहात नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा जन्माचा मित्र झाला. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले आणि मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. पुढे ते लंडनला गेले. परदेशातील या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याचा विसरच पडला होता, असे त्यांनी नंतर लिहून ठेवले आहे.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट ठेवून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके महायुद्धात समुद्रात बुडाली. बडोद्यात मोठ्या हुद्द्याची नोकरी होती, पण राहायला घर मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला. दोघांनीही अडचण सांगितली. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत सुमारे पाच तास ते कामाटीबागेत बसून राहिले.

ही तीच बाग, जिथे आपण सहलीला जातो.

भीमराव खचले नाहीत. १९२० साली भथेनांकडून कर्ज आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते पुन्हा लंडनला गेले व राहिलेला अभ्यास पुरा केला. १९५२ मध्ये कोलंबियाने या राज्यघटनेच्या शिल्पकाराला सन्मानाची डॉक्टरेट दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

बडोद्याने त्यांना शिष्यवृत्ती दिली, याचा आम्हांला अभिमान वाटतो. याच गावाने त्यांना छप्पर नाकारले, हेही आम्ही विसरू नये. पालकहो, मुलांना जग दाखवायला पाठवूच; पण आपल्या वर्गात, आपल्या वाड्यात, आपल्या भाड्याच्या खोलीत आज कोणाला जागा नाकारली जाते का, हेही एकदा पाहू या.