साडेअकरा पौंड आणि एक करारनामा

रविवारी सकाळी आमच्या जांभूळ गावात माझ्या घराच्या ओट्यावर माणसे बसलेली असतात. कुणाच्या हातात प्लास्टिकची फाईल, कुणाच्या हातात नुसतीच पिशवी. मी व्यवसायाने वकील असलो तरी या मंडळींपैकी निम्म्यांचा कोर्टाशी काहीएक संबंध नसतो. कुणाचा मुलगा आखातात कामाला निघालेला असतो आणि पासपोर्टवरचे आडनाव शाळा सोडल्याच्या दाखल्याशी जुळत नसते. कुणाच्या मुलीला इंग्लंडच्या विद्यापीठाने प्रवेश दिलेला असतो, पण व्हिसासाठी बँकेत सलग २८ दिवस पैसे दाखवायचे कुठून, हा प्रश्न असतो. शिष्यवृत्तीचे पत्र हाती आले तर तो प्रश्न सुटतो. पण पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत असते आणि तिकडे वर्ग सुरू होण्याची तारीख जवळ येत असते. अशी एक मुलगी परवा माझ्यासमोर रडली. मी तिला बाबासाहेबांची एक गोष्ट सांगितली. ती सर्वांसाठी लिहितो.

आपल्या घराघरात कोटातले, हातात पुस्तक घेतलेले बाबासाहेब आहेत. पदव्यांची यादी आपल्याला तोंडपाठ आहे. परंतु या पदव्यांसाठी त्यांना किती अर्ज करावे लागले, किती परवानग्या मागाव्या लागल्या आणि किती मुदती सांभाळाव्या लागल्या, हे जयंतीच्या व्यासपीठावरून फारसे कुणी सांगत नाही.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी वारले. घराचा आधार गेला. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाड महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवायचे ठरवले आणि भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारनाम्यावर सह्या झाल्या. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. वकील म्हणून हा करार पाहताना मला वाटते, बावीस वर्षांच्या त्या तरुणाने आयुष्याची दहा वर्षे गहाण टाकून विद्या विकत घेतली. महाराजांचे उपकार थोर आहेत, ते बाबासाहेबांनी कधी नाकारले नाहीत. पण करार तो करारच.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. त्या काळी परदेशी जायला पासपोर्टची सक्ती नव्हती. ती पहिल्या महायुद्धाने आणली आणि आपल्याकडे पासपोर्टचा कायदा १९२० साली झाला. राहण्याजेवणाचा प्रश्न मात्र आजच्यासारखाच होता. आधी हार्टले हॉल हे वसतिगृह, पण तिथले अर्धेकच्चे जेवण मानवेना. मग कॉस्मोपॉलिटन क्लब, आणि त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉल. तिथे नवल भथेना हा पारशी मित्र खोलीत भेटला, आणि ही मैत्री पुढे आयुष्यभर कामी आली. त्या साडेअकरा पौंडांतच फी, जेवण, जुन्या पुस्तकांची खरेदी आणि मुंबईला रमाईकडे पाठवायचे पैसे. १९१५ ला एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये भारतातील जातींवरचा सुप्रसिद्ध निबंध वाचला. जूनमध्ये पीएच.डी.चा प्रबंध दिला.

तिथून ते लंडनला गेले. प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या विद्वानांना शिफारसपत्र दिले होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव दाखल झाले. बॅरिस्टरीच्या टर्म तेव्हा नुसत्या अभ्यासाने भरत नसत, इनमध्ये ठरावीक जेवणांना हजर राहावे लागे. म्हणजे त्यासाठी लंडनमध्ये राहणे आले आणि राहण्याला पैसे आले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याच्या दिवाणांनी परत बोलावले.

इथे जे घडले ते मी त्या मुलीला दोनदा सांगितले. दुसरा एखादा विद्यार्थी निराश होऊन जहाजात बसला असता. बाबासाहेबांनी निघण्यापूर्वी प्रा. एडविन कॅनन यांची शिफारस घेऊन विद्यापीठाकडून लेखी परवानगी मिळवली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा त्या कागदाने दिली. खिशात पैसा नाही, डोक्यावर दहा वर्षांच्या नोकरीचा करार, परतीची कसलीही खात्री नाही. तरीही दार बंद होऊ दिले नाही.

सामान त्यांनी थॉमस कुक कंपनीमार्फत दुसऱ्या जहाजाने पाठवले होते. ते जहाज युद्धात पाणतीराने बुडाले आणि कष्टाने जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. स्वतः ते कैसर-ए-हिंद बोटीने २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईला पोहोचले. सामानाच्या नुकसानभरपाईचे ६०० रुपये मिळाले, आणि त्याच पैशातून बडोद्याला जाण्याची सोय झाली. भरपाई मागायची असते, हेही आपल्या लोकांना सांगावे लागते.

बडोद्यात काय झाले हे वाचकांना माहीत आहे. कोलंबिया आणि लंडन शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात एक खोली मिळेना. पारशी धर्मशाळेच्या नोंदवहीत खोटे पारशी नाव लिहून दीड रुपया रोजाने राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. कुणी मित्र जागा देईना. कामाठी बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात खऱ्या नावावर खोली मिळाली होती, लंडनमध्ये मिळाली होती. खोटे नाव लिहावे लागले ते स्वदेशात. पुढे १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी आपले असे अनुभव लिहून ठेवले आणि त्याला नाव दिले ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये प्रसिद्ध केले. त्या पानांत कुठल्याही परदेशी वकिलातीची खिडकी नाही. विहीर आहे, बैलगाडी आहे, धर्मशाळा आहे. व्हिसा कुणाकडून हवा होता, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

चार वर्षांची मुदत मात्र ते विसरले नव्हते. नोव्हेंबर १९१८ ला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. काटकसरीने शिल्लक टाकली, छत्रपती शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले, नवल भथेनांनी पाच हजार उसने दिले आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले. मुदतीला सव्वा वर्ष बाकी होते.

लंडनच्या या दुसऱ्या मुक्कामात घरमालकीण सकाळी पावाचा एक तुकडा, जरासा मुरंबा आणि चहा देई. रात्री दहाच्या सुमारास भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले चार पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचे. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर. त्यातच जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात जर्मन भाषेत अर्ज लिहून प्रवेश मिळवला, पण तिथे उपस्थिती भरू न शकल्याने नाव कमी झाले. बाबासाहेबांचाही एक प्रवेश असा वाया गेला आहे, हे ऐकून त्या मुलीने डोळे पुसले.

लंडनमधले किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतले. तिथे स्मारक करायला स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली, अपील करावे लागले आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने मंजुरी दिली. घरालाही अर्ज चुकला नाही!

१९२३ च्या एप्रिलमध्ये ते परतले तेव्हा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला होता. तो मुंबईतून दुरुस्त करून पाठवला आणि वर्षाअखेर पदवी मिळाली. हायकोर्टाची सनद काढायला पैसे नव्हते, तेव्हाही भथेनाच धावून आले. राहिली कोलंबियाची पीएच.डी. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दाखल केल्याशिवाय ती पदवी देत नसत, आणि छापायला पैसा कुठला? १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने तो ग्रंथ छापला, प्रती न्यूयॉर्कला गेल्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायले. ८ जून १९२७ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली, अमेरिका सोडून अकरा वर्षे झाल्यानंतर.