गोदूताईंचे नाव आणि विडीवरचा उपकर

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी येथे विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत आहे. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले आहे. त्यांचे आयुष्य बहुतांशी ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये गेले. तरीही हे नाव इथे चपखल बसते.

गोदावरी गोखले यांचा जन्म 14 ऑगस्ट 1907 रोजी पुण्यात झाला. घर वकिलाचे आणि सुखवस्तू. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातील त्या पहिल्या महिला मानल्या जातात. पण वकिली न करता त्या भारत सेवक समाजात गेल्या आणि 1938 मध्ये त्यांनी मुंबईतल्या घरकामगारांची संघटना बांधली. ज्यांच्या कामाची जागा म्हणजे कुणाचे तरी घर, त्यांच्यापर्यंत कामगार कायदा पोहोचत नाही, हे त्या काळात फार थोड्यांच्या ध्यानी आले होते.

1939 मध्ये शामराव परुळेकरांशी विवाह झाला. मग कम्युनिस्ट पक्ष, किसान सभा आणि 1945 चा वारली उठाव. जमीनदाराकडून लग्नापुरते कर्ज घेतले की नवरा-बायको दोघेही लग्नगडी म्हणून राबत. 23 मे 1945 रोजी झरी गावी हजारो वारली जमले. वेठ करायची नाही आणि दिवसाला बारा आणे मिळाल्याशिवाय कामावर जायचे नाही, असे तिथे ठरले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार होऊन माणसे मेली, पण वेठ मोडली. अर्धपोटी, मार खाल्लेल्या त्या माणसांची कहाणी गोदूताईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शामराव 1965 मध्ये तुरुंगातच वारले होते. गोदूताई काम करत राहिल्या, 1986 मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या.

विडी कामगार बाईचेही कामाचे ठिकाण घरच. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पाने; पोर शेजारी निजलेले. निकोटिन कातडीतून अंगात शिरते, धूळ श्वासातून. जुनाट खोकला, दमा, डोकेदुखी, मान-पाठीचे दुखणे नेहमीचे. गरोदरपणातही सूप मांडीवरून उतरत नाही. विडी ओढणाऱ्याच्या आजारांवर पुष्कळ बोलले जाते, वळणारीच्या आजारांवर त्या मानाने फारच कमी.

या कामगारांसाठी केंद्राने 1976 मध्ये दोन कायदे केले. एकाने विडीवर उपकर बसवला, दुसऱ्याने त्यातून कल्याण निधी उभा केला. पुढे हा उपकर हजार विड्यांमागे पाच रुपये झाला. त्यातून दवाखाने, क्षयरोग व कर्करोगाच्या उपचारांना मदत, मुलांना शिष्यवृत्त्या आणि घरांना अनुदान मिळू लागले. योजना साधी होती: ज्या मालामुळे आजार जडतो, त्याच मालाने औषधाचा खर्च द्यायचा.

गोदूताई 8 ऑक्टोबर 1996 रोजी गेल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते कुंभारीची घरे महिलांना मिळाली. केंद्र, राज्य आणि खुद्द कामगार, तिघांच्या वाट्यातून ती उभी राहिली होती. झोपडपट्टीतल्या कोंदट खोलीतून हवेशीर घरात जाणे हा क्षयरोगाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. मात्र विडी घरातच वळली जाते, म्हणून तंबाखूची धूळही नव्या घरात सोबत आली.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विडीवरचा उपकर रद्द झाला. करांची गुंतागुंत कमी करण्याच्या त्या खटाटोपात एका आजारी धंद्याचे औषधाचे पैसेही खोडले गेले, याची फारशी चर्चा झाली नाही. विडीवर कर आजही आहे. मात्र तो सर्वसाधारण तिजोरीत जातो, वळणारीच्या नावे वेगळा राहत नाही. दवाखाने आणि शिष्यवृत्त्या आता दरवर्षीच्या अर्थसंकल्पातील तरतुदीवर अवलंबून आहेत. 1976 साली सूप हाती घेतलेल्या मुली आज साठी ओलांडून गेल्या आहेत, आणि त्यांच्या छातीच्या व सांध्यांच्या दुखण्यांचा खरा खर्च आता सुरू झाला आहे.