मेकॅनिकलवाले होमी भाभा

आमच्या रोहिणखेडच्या शाळेत सरांनी द्रव्य आणि ऊर्जा यांतला फरक दोन मिनिटांत उरकला होता. जागा व्यापतं, वजन भरतं ते द्रव्य, बाकीची ऊर्जा. कापसाचं गाठोडं काट्यावर ठेवता येतं, त्यावर पडलेलं ऊन ठेवता येत नाही. पटलं, पाठ केलं, मार्कही मिळाले. या दोघांमधली भिंत किती पातळ आहे ते कळलं होस्टेलवर आल्यावर, डॉ. होमी भाभांबद्दल वाचताना. आणि गंमत म्हणजे हा माणूस मूळचा आपल्यातलाच, मेकॅनिकलवाला!

भाभांचा जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९०९. घर सुखवस्तू पारशी, दोराबजी टाटा हे आत्याचे यजमान. पोराने केंब्रिजहून इंजिनिअर होऊन यावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं, असं घरच्यांनी ठरवलेलं. १९२७ मध्ये भाभा केंब्रिजला गेले, पण तिथे डिरॅकसारखी माणसं इलेक्ट्रॉनचं गणित नव्याने मांडत होती. भाभांचं मन यंत्रांतून उडालं. मला फिजिक्सच करायचंय, असं त्यांनी वडिलांना पत्राने कळवून टाकलं. वडील कायद्याचे जाणकार. त्यांनी करारच केला. आधी मेकॅनिकलमध्ये फर्स्ट क्लास आण, मग पुढच्या गणिताचा खर्च माझा. १९३० मध्ये फर्स्ट क्लास आला, १९३२ मध्ये गणितातही आला. (मन लागत नाही म्हणून विषय मागे ठेवणारे आपण कुठे!)

त्याच १९३२ साली पॉझिट्रॉन सापडला. म्हणजे वस्तुमान इलेक्ट्रॉनएवढंच, पण विद्युतभार उलटा. हे दोघे भेटले की दोघंही नाहीसे होतात आणि उरतात ते गॅमा किरणांचे फोटॉन, ज्यांना स्थिर वस्तुमानच नाही. उलटही घडतं: पुरेशा ऊर्जेचा फोटॉन अणुकेंद्राजवळून जाताना इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्माला घालतो. ऊर्जेचा हिशेब दोन्हीकडे चोख जुळतो, पण द्रव्य मात्र येतं आणि जातं. शाळेतली व्याख्या इथे अडखळते.

भाभांनी नेमकी हीच जागा पकडली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर ते नुसते उडून दूर जातील, की क्षणभर नाहीसे होऊन पुन्हा जोडीने उगवतील? दोन्ही शक्यता एकत्र धरूनच हिशेब करावा लागतो, आणि तो त्यांनी केला. आज त्याला भाभा विकिरण म्हणतात. मग १९३७ मध्ये हाइटलरबरोबर त्यांनी वैश्विक किरणांचा उलगडा केला. वेगवान इलेक्ट्रॉन फोटॉन सोडतो, फोटॉनमधून जोडी जन्मते, त्या जोडीतले पुन्हा फोटॉन सोडतात. एकाचे दोन, दोनाचे चार, असं करत आकाशातून कणांचा पाऊसच खाली येतो.

१९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आले, युद्ध सुरू झालं आणि इथेच राहिले. बंगलोरला रामन यांच्या संस्थेत काही वर्षं, १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली.

इथे आपल्यापैकी बहुतेकांचा एक घोळ होतो, माझाही होता. एक ग्रॅम वस्तुमान पुरतं ऊर्जेत गेलं तर सुमारे अडीच कोटी युनिट होतात, हे खरं. पण अणुभट्टीत द्रव्य असं पुसलं जात नाही. युरेनियम फुटतं तेव्हा प्रोटॉन-न्यूट्रॉनांची एकूण संख्या तीच राहते. बदलते ती त्यांची बांधणी. किलोभर युरेनियम-२३५ पूर्ण फुटलं तरी वस्तुमान ग्रॅमभराहूनही थोडं कमीच घटतं. द्रव्य आणि वस्तुमान या दोन वेगळ्या गोष्टी, हे व्हायवाला विचारलं तर सांगता यायला हवं.

तारापूरची वीज १९६९ मध्ये आली, ती बघायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी जिनिव्हाला उतरायला निघालेलं त्यांचं विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. पुढे त्याच जिनिव्हाजवळ, जमिनीखालच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात, १९८९ ते २००० पर्यंत इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवले जात होते. टकरी किती झाल्या हे मोजायला तिथले शास्त्रज्ञ भाभा विकिरणच वापरत.