विजेला वाट देणारा माणूस

घरातील विजेच्या पेटीत एमसीबीची रांग असते, हे आता सर्वांच्या परिचयाचे आहे. नव्या घरांत त्या रांगेच्या कडेला छोटी हिरवी खिडकी असलेला आणखी एक ठोकळा दिसू लागला आहे. वायरमन त्याला एसपीडी म्हणतात. सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस हे त्याचे पूर्ण नाव. विजेच्या दाबाची अवचित आलेली उसळी टीव्ही-फ्रिजपर्यंत पोचू द्यायची नाही, एवढेच त्याचे काम. या ठोकळ्याच्या वंशावळीत अनेक नावे आहेत. पण उसळी तारेतून कशी धावते याचा हिशेब ज्यांनी मांडला, त्यांच्यात अग्रभागी होता तो जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला कुबड असलेला, सदैव चिरूट ओढणारा एक निर्वासित. त्याचे नाव चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ.

माझी हयात बँकेत गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्यांत. विद्युतशास्त्राशी माझा संबंध बिल भरण्यापुरताच. तरीही हा माणूस मला जवळचा वाटतो. इतरांनी किरकोळ म्हणून सोडून दिलेली नोंद शोधून तिचा ताळा लावणारा माणूस बँकेत काम केलेल्याला आवडणारच.

त्याचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी ब्रेस्लाव येथे झाला. तेव्हा प्रशियात असलेले हे शहर आज पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ म्हणून ओळखले जाते. आजोबा आणि वडील दोघांनाही कुबड होते. तेच त्याच्या वाट्याला आले. विद्यापीठात गणितात त्याने नाव काढले, पण तरुण वयात समाजवादाची ओढ लागली आणि पोलिसांची नजर त्याच्यावर गेली. १८८८ मध्ये डॉक्टरेट हाती येण्यापूर्वीच त्याला देश सोडावा लागला. झुरिचमध्ये वर्षभर काढून १८८९ साली तो न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला. खिशात पैसे नाहीत, इंग्रजी यथातथाच आणि शरीर असे! अधिकारी त्याला परत पाठवण्याच्या बेतात होते. सोबतच्या आस्मुसेन नावाच्या मित्राने त्याची हमी घेतली, म्हणून दार उघडले.

याँकर्समधील एका छोट्या कारखान्यात त्याला नोकरी मिळाली. मोटारीतल्या लोखंडाचे चुंबकत्व उलटसुलट होताना ऊर्जा वाया जाते. किती वाया जाते, हे मोटार बनवून पाहिल्याखेरीज कळत नसे. १८९२ मध्ये स्टाइनमेट्झने त्याचा नियम मांडला आणि हे नुकसान कागदावर आधीच काढता येऊ लागले. पुढच्याच वर्षी त्याने एसी प्रवाहाचे किचकट गणित संमिश्र संख्यांच्या साहाय्याने साध्या बीजगणितात आणले. वजा एकचे वर्गमूळ ही एरवी निव्वळ काल्पनिक वाटणारी गोष्ट. पण तिच्याच आधाराने आजही अभियांत्रिकीचे विद्यार्थी एसीची गणिते सोडवतात. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने तो कारखाना विकत घेतला आणि १८९४ पासून न्यूयॉर्क राज्यातील स्कनेक्टडी हे त्याचे गाव झाले ते अखेरपर्यंत.

आता वीज दूरवर जाऊ लागली होती. १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोचली. पण तारा जितक्या लांब, तितक्या त्या आभाळाखाली उघड्या. ढगांचा गडगडाट सुरू झाला की चिनी मातीचे इन्सुलेटर फुटत, यंत्रे जळत. अभियंत्यांचे गणित मात्र संथ, नियमित प्रवाहाचे होते. स्टाइनमेट्झने लक्ष वळवले ते दोन स्थितींच्या मधल्या क्षणाकडे. बटण दाबताना, तार तुटताना किंवा वीज कोसळताना सेकंदाच्या लाखाव्या भागात जे घडते, त्यावर त्याने १९०९ मध्ये एक जाडजूड ग्रंथच लिहिला. धोका केवळ दाबाच्या आकड्यात नसतो, तो त्याच्या अचानकपणात असतो, हे त्याने अभियंत्यांच्या गळी उतरवले.

१९२० साली मोहॉक नदीकाठच्या त्याच्या लाकडी झोपडीवरच वीज पडली. एक आरसा फुटून त्याचे तुकडे विखुरले. त्याने ते तुकडे वेचून, जुळवून दोन काचांमध्ये बसवले आणि विजेची वाट त्यावरून वाचली. मग १९२२ मध्ये प्रयोगशाळेतच वीज पाडणारे यंत्र उभारले. १,२०,००० व्होल्टचा दाब आणि सुमारे १०,००० अँपिअरचा प्रवाह, तोही डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आत. लाकडाचे ओंडके त्याने फुटत. हा खेळ पाहायला एडिसनही आला होता. हेतू मात्र खेळाचा नव्हता. आभाळाची वाट न पाहता तडितरोधकांची परीक्षा घ्यायची होती.

तडितरोधक विजेला अडवत नाही, तिला जमिनीकडे जाण्याची सोपी वाट देतो. घरातला एसपीडी हेच करतो. त्यात बहुधा झिंक ऑक्साइडची चकती असते. हा प्रकार १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये विकसित झाला. २३० व्होल्टला ती चकती जवळपास निष्क्रिय असते. दाब उसळताच निमिषात वाहक बनते, उसळी अर्थिंगकडे वळवते आणि पुन्हा गप्प होते. एमसीबीला हे जमत नाही, कारण तो पडेपर्यंत उसळी येऊन गेलेली असते. अर्थातच अर्थिंग धड नसेल तर एसपीडी शोभेपुरताच. न्यूट्रल तुटून दाब बराच वेळ चढलेला राहिला, तर तोही उपाय नव्हे, आणि इमारतीवर थेट पडणाऱ्या विजेसाठी गच्चीवरचा तडितवाहक वेगळाच लागतो. प्रत्येक तडाख्यागणिक चकती थोडी झिजते. म्हणून ती खिडकी. हिरव्याची लाल झाली की ठोकळा बदलायचा.

हा माणूस बलाढ्य कंपनीच्या पगारावर होता आणि तरीही शेवटपर्यंत समाजवादी राहिला. १९११ च्या निवडणुकीत स्कनेक्टडीत समाजवादी महापौर निवडून आला, तेव्हा स्टाइनमेट्झ शिक्षण मंडळाचा अध्यक्ष झाला. स्थलांतरितांच्या आणि अपंग मुलांसाठी त्याने खास वर्ग सुरू करवले. धक्क्यावरची ती घटका तो विसरला नसावा, असे मला वाटते. आपले व्यंग पुढच्या पिढीत जाऊ नये म्हणून त्याने लग्न केले नाही. हेडन नावाच्या सहायकाला त्याने मुलगा मानून दत्तक घेतले आणि त्या जोडप्याची तीन मुले त्याची नातवंडे झाली. मोठ्या घरात संध्याकाळी हा आजोबा त्यांना गोष्टी सांगत असे.

२६ ऑक्टोबर १९२३ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने तो घरीच गेला. कृत्रिम वीज पाडून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. आज वळवाच्या पावसात एखाद्या घरातला एसपीडी आपले काम करून जातो, तेव्हा घरच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. दिवा क्षणभर लवतो आणि मालिका पुढे चालू राहते.