गुलामाचा नातू, रसायनशास्त्राचा पंडित : डॉ. पर्सी ज्युलियन

११ एप्रिल म्हणजे जोतिबा फुल्यांची जयंती. याच तारखेला १८९९ साली अमेरिकेतल्या माँटगोमेरी गावी पर्सी ज्युलियन जन्मले. जोतिबांनी 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. ज्युलियन हे अशाच एका गुलामाचे नातू.

वडील टपालखात्यात कारकून, आई शिक्षिका. गावात काळ्यांच्या पोरांना आठवीपुढं शाळेची धड सोय नव्हती. ज्या १९१६ साली बाबासाहेब न्यूयॉर्क सोडून लंडनला गेले, त्याच साली पर्सी डीपॉ विद्यापीठात दाखल झाले. कॉलेजचा आणि शाळेचा राहिलेला अभ्यास त्यांनी एकदमच केला. पोटासाठी गोऱ्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात भट्टी पेटवली, जेवण वाढलं. १९२० साली ते पहिले आले. पुढं आईबापांनी सगळं बिऱ्हाडच त्या गावी हलवलं आणि सहाही भावंडं, मुलीसुद्धा, पदवीधर केली.

१९२३ साली हार्वर्डची एम. ए. झाली. पण काळ्या माणसाकडून गोरी पोरं शिकणार नाहीत, म्हणून तिथं शिकवण्याचं काम नाकारलं गेलं आणि डॉक्टरेट राहिली. मग काळ्यांच्या कॉलेजांत शिकवत ते टिकले. शेवटी शिष्यवृत्तीवर व्हिएन्ना गाठली आणि १९३१ साली डॉक्टर झाले.

परत डीपॉत येऊन त्यांनी संशोधन मांडलं. फायसोस्टिग्माइन हे काचबिंदूवरचं औषध तोवर आफ्रिकेतल्या एका वेलीच्या बियांतून काढत. १९३५ साली सहकारी जोसेफ पिकल यांच्यासह त्यांनी ते प्रयोगशाळेत घडवलं. ऑक्सफर्डचे नामांकित रॉबर्ट रॉबिन्सन याच कामात होते. त्यांचं चुकलं, ज्युलियन यांचं बरोबर ठरलं. एवढं होऊनही विद्यापीठानं त्यांना प्राध्यापकाची जागा दिली नाही. आड आला तो कातडीचा रंग.

१९३६ साली ते शिकागोच्या ग्लिडन कंपनीत संशोधनप्रमुख झाले. सोयाबीनपासून त्यांनी हार्मोनची औषधं मोठ्या प्रमाणात काढली, म्हणून ती स्वस्त झाली. तरी १९५० साली त्यांच्या नव्या घराला आग लावण्याचा प्रयत्न झाला, १९५१ साली डायनामाइट फेकलं गेलं. ते कुटुंब घर सोडून गेलं नाही. १९७३ साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं त्यांना सभासद केलं. तो मान मिळालेले ते पहिले काळे रसायनशास्त्रज्ञ. १९७५ साली ते वारले.

अंगी गुण असले की जात आड येत नाही, असं आपल्याला ऐकवणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हा जीवनपट सांगा. पहिला नंबर होता, डॉक्टरेट होती, शोध होता. तरी खुर्ची मिळाली नाही. म्हणून हक्कासाठी लढणं सुटत नाही. आणि अभ्यासही सुटता कामा नये, कारण खुर्ची नाकारणाऱ्यांना त्यांची विद्या काही काढून घेता आली नाही. आपल्या वस्तीतली पोरगी दहावीनंतर घरी बसत असेल, तर ज्युलियनच्या आईबापांची आठवण ठेवा. पदरमोड करा, पण तिला शिकवा.

जय भीम! नमो बुद्धाय!